बेंबीभोवतीचा बिब्बा

माझी आई बिब्बे फोडायची. भोकरदनच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. थंडी सरत आली की डोंगरातून बिब्ब्यांची पोती खाली यायची आणि आमच्या वस्तीतल्या बायका अंगणात राखेचे ढीग घेऊन बसायच्या. बिब्बा म्हणजे काळं, चपटं, गुळगुळीत फळ. ते फोडलं की आत गोडंबी निघते. ती लाडवात घालतात, बाळंतिणीला देतात, शहरातली माणसं थंडीत आवडीनं खातात. पण कवचात जे काळं तेल असतं ते जिथं लागेल तिथं कातडी जाळतं. आई हात राखेत घोळवायची, एका दगडावर बिब्बा धरायची आणि दुसऱ्या दगडानं बेतानं ठोका द्यायची. कवच तडकावं पण तेल उडू नये, असा तो ठोका. तरी उडायचंच. तिच्या बोटांची कातडी काळी आणि जाड झाली होती. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं यंत्र आलं तेव्हा तिचा ठसाच उमटेना. दुकानदार म्हणाला, मावशी, हात धुऊन या. आई म्हणाली, धुतलेलेच हायेत बाबा.

गावात बिब्ब्यावाचून कुणाचं चालत नसे. टाचेला भेगा पडल्या की बिब्बा तापवून लावायचा. बैलाचा खूर दुखावला तरी तोच. परीट कपड्यांवर खूण करायचा ती बिब्ब्याच्या तेलाची, कितीही धुतली तरी जात नसे. दुकानांच्या दारात लिंबू-मिरचीबरोबर तारेत ओवलेला असायचा तोही बिब्बा. आमची सगळी माणसं त्याच्याबरोबर आयुष्यभर राहिली. काहींच्या हातावर फोड यायचे, जायचे, आणि हळूहळू कातडी निबर व्हायची. मी मात्र त्यातली नव्हते. बिब्बा मला मानवत नव्हता. त्यानं अंगावर सूज आणि फोड आले की आमच्याकडे बिब्बा उतला म्हणतात.

ते कसं कळलं ते सांगते. मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. बिब्ब्याच्या काळ्या फळाला देठाकडे एक नारिंगी गर असतो, त्याला आमच्याकडे बिब्ब्याचं फूल म्हणतात. वाळवून, भाजून ते चांगलं लागतं. आम्ही पोरींनी झाडाखाली बसून ओलंच खाल्लं. गोड, थोडं तुरट. बाकीच्या पोरी खेळायला गेल्या आणि मीही गेले. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ओठ चुरचुरायला लागले. त्याच्या पुढच्या सकाळी मी जागी झाले आणि मला डोळे उघडता येईनात.

झोपेत आहोत असं वाटलं आधी. मग हाताने चाचपलं तर चेहऱ्याच्या जागी काहीतरी फुगलेलं, ओलसर, गरम असं हाताला लागलं. तो माझा चेहरा आहे हे मला समजायला वेळ लागला. मी ओरडले. आईचा आवाज अगदी जवळून आला, पण ती जवळ आली नाही. "हात नको लावू गं माय, हात नको लावू," एवढंच ती म्हणत राहिली. मला कळत नव्हतं की ती मला उचलून का घेत नाही. बापानं खोबरं वाटून माझ्या तोंडाला लावलं. आई उंबऱ्याशी बसून त्याला सांगत होती, इथं लाव, कानामागं लाव. डोळे उघडेपर्यंत मी फक्त तिचा आवाज ऐकला.

त्यानंतर बिब्ब्याच्या दिवसांत आईनं मला हात लावला नाही. माझी वेणी काकू घालायची. झोपायला मी बापाजवळ. आई भाकरी करून परातीत ठेवायची आणि दूर व्हायची. ती काम सोडू शकत नव्हती आणि मला जवळ घेऊ शकत नव्हती. लहानपणी मला बिब्ब्याची भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडी आईच्या हातांचीही.

पुढे शिकायला संभाजीनगरला गेले. वसतिगृहाच्या चादरींवर परटाची काळी खूण असायची. पहिल्याच आठवड्यात माझी मान आणि एक कान सुजला. खोलीतल्या मुलींना वाटलं ढेकूण चावले. मी चादरीचा कोपरा हुंगला आणि चादर दाराबाहेर टाकली. कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी शिकवलं की आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. परदेशात सुमाक नावाचं झुडूप असतं, त्याच्या लाल फळांची आंबट पूड तिकडची माणसं मटणावर, भातावर टाकतात, तेही याच भावकीतलं. आणि त्याच भावकीतली काही झाडं नुसती अंगाला घासली तरी माणूस दवाखान्यात जातो. बाई हसून म्हणाल्या, प्रत्येक घरात एखादा तापट असतोच. सगळा वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

मी शिक्षिका झाले, लग्न होऊन परतूर तालुक्यात वाटूरला आले. सासरे आधीच गेलेले. घरात सासू, आणि माझा नवरा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, सुटीच्या दिवशी येणारा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. पहिल्या रात्रीपासून मला ठाऊक होतं की माझ्या नवऱ्याच्या बेंबीभोवती फिकट डागांचं एक कडं आहे. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, लहानपणी पोट फुगायचं म्हणून आईनं बिब्बा लावला होता. मी विषय तिथंच सोडला. तेव्हा सोडण्यासारखाच तो वाटला.

दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझे दिवस भरत होते ते नेमके बिब्बे फोडायच्या हंगामात. माहेरच्या अंगणात राख, कवचांचे ढीग, आईचे हात. आईच फोनवर म्हणाली, इकडं येऊ नको. आत्याबाईंनी आनंदानं सगळं अंगावर घेतलं. परतूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. आत्याबाईंनी तिला टोपडं शिवलं, रोज अंगाला तेल लावून न्हाऊ घातलं, मला डिंकाचे लाडू करून दिले. लाडवात गोडंबी घालू नका एवढं मी सांगितलं होतं. त्यांनी घातली नाही. का, ते मात्र त्यांनी विचारलं नाही आणि मीही लांबण लावून सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, चव आवडत नसेल.

मुलगी दीड-एक महिन्याची झाली आणि संध्याकाळी रडायला लागली. पाय पोटाशी घ्यायची, चेहरा लाल व्हायचा, पोट ढोलकीसारखं ताणलेलं. परतूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं की या वयात होतं असं, काळजी करू नका. थेंबांनी थोडा फरक पडला, पुन्हा तेच. त्या दिवशी ती सकाळपासूनच रडत होती. आत्याबाई म्हणाल्या, तू अंघोळ करून घे, मी बघते हिला. न्हाणी घराच्या मागच्या बाजूला. मी अंगावर पाणी घेत होते आणि भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकत होते. मग रडणं थांबलं.

का कोण जाणे, ते थांबल्यावरच मी घाबरले. अर्धवट केस तसेच ओले ठेवून बाहेर आले. स्वयंपाकघराच्या दारात पाऊल टाकलं आणि वास आला. तापलेल्या बिब्ब्याचा वास एकदा ज्यानं घेतला तो विसरत नाही. थोडा तेलकट, थोडा जळका. माझं लहानपण त्या वासात गेलं होतं. गॅसच्या शेजारी बशीत एक बिब्बा होता, त्यात टोचलेला दाभण. आत्याबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या आणि मुलगी त्यांच्या पायांवर उताणी, शांत झोपलेली. तिच्या बेंबीभोवती काळे ठिपके होते, गोलाकार, एकाशेजारी एक.

"बघ, कसं गप झोपलं लेकरू," आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा चेहरा समाधानी होता.

मी विचारलं, हे काय लावलं. त्या म्हणाल्या, बिब्बा लावला थोडासा, पोट बसलं बघ, हिच्या बापालाबी असंच लावलं होतं, चांगला धडधाकट झाला का न्हाई. मी म्हणाले, आत्याबाई, मला बिब्बा उततो. त्या म्हणाल्या, तुला उतत असंल, हिला कुठं उतला. आणि खरंच, मुलीच्या पोटावर त्या ठिपक्यांशिवाय काही नव्हतं. श्वास संथ चालला होता. कित्येक दिवसांनी ती अशी झोपली होती.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नाही. ज्याला बिब्बा मानवत नाही त्याला माहीत असतं की लागल्याबरोबर काही होत नाही. तो वाट बघायला लावतो. मुलगी माझी होती. तिचे कान माझे, तिची कातडी माझी असेल का, हे मला कळायला एक-दोन दिवस लागणार होते, आणि तोवर मी फक्त बघत बसायचं.

मी खोबरेल तेलाची बाटली घेतली, एक मऊ फडकं घेतलं आणि तिचं पोट पुसायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, अगं, आता कशाला पुसते, राहू दे. मी ऐकलं नाही. पुसताना फडक्यावर तपकिरी डाग येत होता आणि तेल माझ्या बोटांवर येत होतं. आपण काय करतोय हे मला कळत होतं. हात थांबवावा असं वाटत होतं आणि थांबवता येत नव्हतं. ठिपके काही गेले नाहीत. बिब्बा कपड्यावरून जात नाही, तो अंगावरून काय जाणार.

आईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घासू नको. पाणी लावू नको. आज काय दिसणार न्हाई. उद्या, परवा बघ." मी विचारलं, उतला तर. ती म्हणाली, एवढ्या लहान लेकराला उतलेला मी बघितला न्हाई, मला सांगता येत न्हाई. आईला बिब्ब्यातलं सांगता येत नाही असं काही असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि मी आणखी घाबरले.

नवऱ्याला फोन केला. त्याला वाटलं घरात सासू-सुनेचं काहीतरी वाजलं. तो म्हणाला, मलाही लावला होता, मला काही झालं नाही, आई काय परकी आहे का. मी त्याला म्हणाले, तू तुझ्या आईवर गेला असशील, ही माझ्यावर गेली असली तर. तो म्हणाला, आज रात्रपाळी आहे, सकाळी सुटलो की येतो.

तो आला तेव्हा मुलीच्या पोटावर ठिपक्यांभोवती लाली धरली होती. फक्त लाली. आत्याबाई म्हणाल्या, खाजवलं असंल झोपेत. दुपारपर्यंत ती लाली एकमेकीला मिळाली आणि ताटलीएवढी झाली. तिच्यावर बारीक बारीक पाण्याचे फोड आले. मुलगी आता वेगळ्या आवाजात रडत होती, सुरुवातीला जसं रडायची तसं नाही, मधेच तुटणारं. मी तिला छातीशी धरलं तर तिचं अंग तापलेलं. आणि माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली होती.

मी नवऱ्याला हात दाखवले. तो चौकात जाऊन ओळखीच्या माणसाची जीप घेऊन आला. आत्याबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, त्या यायला नको म्हणतील, किंवा मी त्यांना नको म्हणेन. माझ्या तोंडापर्यंत ते आलं होतं. पण जीपमध्ये बसताना मी मुलीला उचलायला गेले आणि माझी बोटं वळेनात. सुजून जाड झाली होती. आत्याबाईंनी तिला माझ्याकडून घेतलं आणि जीपमध्ये चढल्या.

वाटूरपासून जालन्यापर्यंत मी फक्त तिच्या तोंडाकडे बघत होते. ओठ सुजतात का. डोळे मिटतात का. एक-दोनदा मला वाटलं की पापण्या जाड झाल्यात आणि मी नवऱ्याचा दंड धरला. तो म्हणाला, ती झोपली आहे. झोपली आहे की डोळे उघडता येत नाहीत, हे मला कळत नव्हतं. मी तिच्या गालाला माझं कोपर लावून तिला जागं केलं. तिनं डोळे उघडले. मी पुन्हा घाबरून बसले.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. लंगोट सोडून पोट बघितलं आणि विचारलं, काय लावलं. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "बिब्बा लावला. मी लावला. हिला इचारलं न्हाई." डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी शांतपणे सांगितलं की दाखल करावं लागेल. कातडीवरचं बरं होईल, पण बिब्ब्याचं तेल अंगात शोषलं गेलं तर मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो, बाळ फार लहान आहे. शेवटची लघवी कधी झाली, असं त्यांनी विचारलं.

मला आठवेना. सकाळी झाली होती. नंतर झाली की नाही, ते मी रडण्याच्या, फोडांच्या भरात बघितलंच नव्हतं. आत्याबाईही सांगू शकल्या नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, लक्ष ठेवा आणि झाली की नर्सला सांगा.

तिच्या हाताच्या पाठीवर सुई बसवायला दोन नर्स लागल्या. मला आत राहू दिलं नाही. नंतर माझ्याही हातांना औषध लावून पट्ट्या बांधल्या. फोड पिकू नयेत म्हणून बोटं वेगवेगळी बांधली होती, त्यामुळे मला साधा पदरही धरता येत नव्हता. आणि मुलीला दूध पाजायचं होतं.

तिला कुणी धरायचं? नवऱ्याला बायकांच्या वॉर्डात थांबू देत नव्हते. नर्सला बाकीची लेकरं होती. आत्याबाई नळाजवळ गेल्या. तिथं त्या हात धूत राहिल्या, साबण लावून, पुन्हा लावून, नखांच्या कडांनी घासून. मी पलंगावरून बघत होते. त्यांनी हात तोंडाजवळ नेऊन हुंगले, पुन्हा धुतले. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले, दाखवल्यासारखे.

मला नको म्हणावंसं वाटलं. पण मुलगी रडत होती. मी मान हलवली. त्यांनी तिला उचललं, माझ्या शेजारी बसल्या आणि तिचं डोकं हातावर घेऊन तिला माझ्या छातीला लावलं. इतक्या जवळ त्या आधी कधी बसल्या नव्हत्या. त्यांचा हात माझ्या अंगाला लागत होता आणि प्रत्येक वेळी मी चमकत होते. त्यांना ते कळत होतं. त्या हात आखडून धरत होत्या, पण बाळाचं डोकं घसरू देत नव्हत्या. मुलीनं चार घोट घेतले आणि सोडलं. पुन्हा लावलं. पुन्हा सोडलं.

संध्याकाळ झाली तरी लंगोट कोरडा होता. मी आत्याबाईंना दर थोड्या वेळानं विचारत होते, त्या हात लावून बघत होत्या आणि नकारार्थी मान हलवत होत्या. शेवटी मी विचारणं बंद केलं, कारण त्यांची मान हलताना मला बघवेना. मूत्रपिंड हा शब्द शाळेत मी मुलांना कितीदा शिकवला होता. चित्र काढून, नावं लिहून. त्या वॉर्डात तो शब्द माझ्या डोक्यात नुसता गरगरत होता आणि दुसरं काही सुचत नव्हतं. आत्याबाई काही पुटपुटत होत्या. मला वाटलं त्या बुद्धवंदना म्हणतायत. कान देऊन ऐकलं तर त्या मुलीशी बोलत होत्या. "मूत की गं माय. मूत, माझ्या अंगावर मूत."

दिवे लागल्यावर आत्याबाई एकदम ताठ झाल्या. मला वाटलं काहीतरी वाईट झालं. मी उठून उभी राहिले. त्यांनी मांडीकडे बोट दाखवलं. लुगड्यावर ओला डाग पसरत होता. त्या न हलता तशाच बसून राहिल्या, जणू हललं तर ते थांबेल. मग त्यांनी मला हाक मारली, "सूनबाई, नर्सला बोलव, जल्दी," आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी नर्सला बोलवायला गेले तर माझ्याकडून नीट बोलणंच होईना. नर्सला वाटलं मुलीचं बरंवाईट झालं. ती धावत आली आणि मांडीवरचा डाग बघून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. भोकरदनहून बसनं आली होती, हातात एक पिशवी आणि अंगावर धुतलेलं लुगडं. पण ती वॉर्डाच्या दारातच थांबली. दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळून घेतले होते. मी म्हणाले, ये ना. ती म्हणाली, इथूनच बघते. हात तिनं कालपासून कशालाही लावले नव्हते, कामाला सुद्धा नाही, तरी तिला खात्री वाटत नव्हती. ती दारातून नातीकडे बघत उभी राहिली, जशी माझ्या लहानपणी उंबऱ्याशी बसायची.

आत्याबाई उठल्या आणि तिच्याकडे गेल्या. मला वाटलं आता त्या दोघींचं बिनसणार. आईला राग आला असता तर तो बरोबरच होता. पण आत्याबाई म्हणाल्या, "इहीणबाई, माझ्याकडून चूक झाली. मला वाटलं, तुमी रोज बिब्ब्यात हात घालता, तुमच्या लेकीचं लेकरू, याला काय व्हायचं." आईनं पदर सोडला आणि हात पुढे केले. आत्याबाईंनी ते बघितले. काळी, चिरलेली बोटं, अंगठ्यावर रेघ उरलेली नाही. आई म्हणाली, हे हात लहानपणी हिला लावले न्हाईत, अन् आता नातीला लावायचं भ्या वाटतं. एवढंच. पुढे त्या दोघी बाकावर बसून मुलीच्या ताकदीविषयी, दुधाविषयी बोलल्या. आई निघून जाईपर्यंत आत आली नाही.

मुलगी बरी झाली. फोड फुटले, खपल्या धरल्या, ताप उतरला. लघवी नियमित व्हायला लागली आणि डॉक्टरांनी घरी सोडलं. पोट दुखणं पुढे आपोआप कमी झालं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. माझे हात मात्र तिच्याहून उशिरा बरे झाले. घरी आल्यावरही कित्येक दिवस आत्याबाईच तिला उचलून माझ्या छातीला लावायच्या. माझं चमकणं हळूहळू थांबलं, कधी थांबलं ते सांगता येणार नाही.

मुलीला बिब्बा माझ्यामुळे उतला, की तिची कातडीच एवढी कोवळी होती म्हणून, हे मला कळलं नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ते तपासून बघायची गरज नाही, दूर ठेवा म्हणजे झालं. त्यामुळे मी दूर ठेवते. आज ती शाळेत जाते आणि तिचा स्वभाव हट्टी आहे. आजोळी जायला मागते. डोंगरात जायला मागते. मी तिला हंगाम संपल्यावर, पाऊस पडून अंगण धुऊन निघाल्यावरच नेते. तिथंही ती बाहेर खेळत असते आणि मी दारातून उठत नाही. नवरा म्हणतो, तू उगीच स्वतःला त्रास करून घेतेस. तो बरोबर असेल. माझ्याच्यानं होत नाही.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका घरात नातू झाला आणि त्याचं पोट फुगायला लागलं. त्या घरची आजी आत्याबाईंकडे आली. गावात पूर्वीपासून बिब्बा लावायला आत्याबाईंनाच बोलवायचे, त्यांचा हात हलका म्हणून. त्यांनी बाईला पाणी दिलं आणि सांगितलं की मी बिब्बा लावणं सोडलं. ती बाई म्हणाली, मग मीच लावते, मला येतं. आत्याबाई चपला घालून तिच्याबरोबर निघाल्या. मी शाळेतून आले तरी त्या परतल्या नव्हत्या. म्हणून मी तिकडे गेले.

त्या घराच्या ओट्यावर आत्याबाई बसल्या होत्या, बाळ त्यांच्या मांडीवर. घरातल्या माणसांचं त्यांना हसून झालं होतं, रागावूनही झालं होतं. बाळाची आजी मला म्हणाली, सांग गं तुझ्या सासूला, लेकरू सोडत न्हाई. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी बाळाचं पोट दोन्ही हातांनी झाकून धरलं होतं.

"परतूरच्या दवाखान्यात नेत्यात तवर मी उठत न्हाई," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले. बाळाच्या बापाला फोन करून गाडी आणायला सांगितलं.